तुझी स्कॉच, तुझा माज

भाईदास, परवा तुझ्या गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, मी आलो. मांडवात पहिल्या रांगेत बसवलं मला, हातात माईक दिला आणि म्हणाले, शेठजी, तुमचा जुना मित्र, दोन शब्द बोला. मी उठलो आणि म्हणालो, दिलदार माणूस गेला. लोकांनी माना हलवल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग मी जेवलो आणि घरी आलो, आणि तेव्हापासून तोंडाला कडवट चव आहे, कारण मी खोटं बोललो. तू दिलदार नव्हतास. तू हट्टी होतास, दिखाऊ होतास, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर तू लबाड निघालास. हे मांडवात बोलता आलं नाही. इथे बोलतो. तुला उलट बोलता येणार नाही याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आयुष्यभर तूच बोलत आलास.

आधी हे कबूल करून टाकतो की स्कॉच मला तू शिकवलीस. आमच्या घरात कांदासुद्धा आत येत नाही. आजोबा राजस्थानातून शहाद्याला आले, हार्डवेअरचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून आमच्या नाकांना फक्त दोन वास माहीत: देवघरातली उदबत्ती आणि दुकानातलं टर्पेंटाइन. कॉलेजात तू, मी आणि रायसिंग एका बाकावर बसायचो. तू लोणखेड्याच्या केळीच्या मळ्यातून सायकलवर यायचास, रायसिंग धडगावकडच्या पाड्यावरून येऊन होस्टेलला राहिलेला. पुढे तो धडगावला पंचायत समितीत साहेब झाला, मी गल्ल्यावर बसलो, तू बापाची केळी वाढवलीस. पोटं सुटल्यावर आपण तिघं पुन्हा एकत्र आलो ते तुझ्या मळ्यातल्या मोटरच्या खोलीत, आणि ते तुझ्या बाटलीमुळे.

ती पहिली बाटली तुझ्या भाच्याने परदेशातून येताना आणली होती. खोक्यात एक गुळगुळीत कागद होता. त्यावर लिहिलं होतं, या व्हिस्कीला कुठल्या कुठल्या फुलांचा वास येतो, कुठल्या फळांचा. त्यातलं एक फूल आपण तिघांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी आपला ग्लास हुंगून मान डोलावली, म्हणालो, हो, येतोय. तू माझ्या हातातला ग्लास काढून घेतलास.

"शेठ्या, ते फूल तू कथं देखं? तुन्हा बापनी देखं का?"

"कागदवर लिखेल शे ना."

"कागदना नाकघाई पेस का तू?"

तेव्हापासून आपला कायदा झाला. जो वास आपल्या नाकाने नंदुरबार जिल्ह्यात घेतला आहे तोच सांगायचा. पुस्तकातलं फळफूल सांगणाऱ्याने त्या दिवशी ग्लास धुवायचे. आणि हुंगायचं दिवसाउजेडी, रविवारी दुपारी, पोटात काही तिखट नसताना. मी नंदुरबारहून मिरची वाळवायच्या पथाऱ्यांजवळून आलो असेन तर त्या रविवारी तू मला नुसता बसवून ठेवायचास, म्हणायचास, तुझं नाक आज कामाचं नाही.

खरं सांगतो, त्या खोलीत मला नाक फुटलं. एका बाटलीला गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला करपलेल्या गुळाचा वास होता, तो मीच ओळखला आणि तू माझी पाठ थोपटलीस. एकीला केळीच्या वखारीचा, पिकायला लावलेल्या घडांचा. एकीला, हे रायसिंगचं, विसरवाडीच्या हायवेवर उतारावरून आलेल्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा. त्यावर तू इतका हसलास की खाटेवरून पडलास, आणि मग हुंगून म्हणालास, बरोबर शे. मला त्या दुपारी आठवल्या की आजही तुझ्यावरचा राग पातळ होऊ लागतो. म्हणून मी त्या फार आठवत नाही.

तुझा जाच मात्र खूप. बाटली तूच निवडायचास. दुकानदाराने दिलेली आम्हाला चालली असती, पण तू पुण्याहून, परदेशातून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात पडून मागवायचास आणि आणणाऱ्यालाच वर सुनवायचास. हिच्यात वय लिहिलंय ते बघ, हिच्यात पिंप कशाचं ते बघ. शेव आणली तर फेकलीस. बर्फ म्हटलं की तुझं तोंड वाकडं. पाणी घालायचं तर चमच्याने, थेंब मोजल्यासारखं, तेही तू ओतणार. आणि माझा सोडा! मला सोड्याशिवाय घशाखाली उतरत नाही, आजही नाही. त्यावरून तू मला काय काय बोललास. "शेठ्या, तू स्कॉच नही पेस, सरबत पेस. तुले लिंबू आनी दिसू का?" हा वाद आपला कधीच मिटला नाही आणि मी आजही सांगतो, सोड्याने काही बिघडत नाही. ज्याच्या पैशाची त्याची मर्जी, पण निदान ज्याच्या घशातून जाते त्याचीही थोडी असावी.

एकदाच तू हरलास. माझे वडील गेले त्या महिन्यात मी मळ्यावर आलो आणि खाटेवर बसलो. तू कोपऱ्यातल्या माठामागे हात घालून सोड्याची बाटली काढलीस. कधी आणून ठेवली होतीस कोण जाणे. स्वतः ओतलास, ग्लास भरून, आणि दुसरीकडे बघत बसलास. रायसिंग तुझ्याकडे बघून मिशीत हसला, तर त्याला लाथ मारलीस. मांडवात मी दिलदार म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असावं. पण माणसाने एका सोड्यावर किती वर्षं जगायचं?

आता त्या रविवाराकडे येतो.

तुझ्या पोरीचं सुरतेला जमत होतं. होणारे व्याही मळा बघायला आले. पांढरे बूट, हातात जाड अंगठी, बोलणं गोड. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे पाहुण्याला इकडे पाजायची तुला कोण हौस. तू ती परदेशातल्या कुठल्याशा बेटावरची बाटली काढलीस, धुरकट वासाची, जी आम्हाला तू वर्षभर नुसती दाखवत होतास. टेबलावर कापड घातलेलं. आम्हा दोघांना सांगून ठेवलेलं की चांगले कपडे घालून या. मी इस्त्रीचा शर्ट घातला. रायसिंग तर कोट घालून आला, उन्हाळ्यात, घाट उतरून.

पाहुण्यांसमोर तूच आपला कायदा फुशारकीने सांगितलास. मग म्हणालास, चला, ज्याला जो वास येतो त्याने तो सांगायचा. मी म्हणालो, सडकेवर ओततात त्या डांबराचा. पाहुणे हसले, छान छान म्हणाले. रायसिंगने ग्लास नाकाशी धरला आणि धरूनच बसला. मी त्याचं तोंड बघत होतो. माणसाला जत्रेत हरवलेलं कोणी सापडावं तसं त्याचं झालं होतं.

"हाऊ ते मन्हा घरना वास शे," तो म्हणाला. "मायनी चूलवर मक्काना कणसं टांगेल ऱ्हातस ना, बियाणाना? धूर खाई खाई काया व्हई जातस. तोच वास. डिट्टो."

पाहुण्यांनी भुवया वर केल्या. फक्त भुवया, भाईदास. आणि तेवढ्याने तू घाबरलास. तुझ्या महागड्या बाटलीला पाड्यावरच्या झोपडीचा वास येतो हे व्याह्यांनी ऐकलं याची तुला लाज वाटली. तू मोठ्याने हसलास आणि म्हणालास,

"रायसिंगले काय इचारतस पाव्हना! त्याले ते मोहानीबी स्कॉचच लागस."

पाहुणे खो खो हसले. तूही. रायसिंगने ग्लास कापडावर ठेवला, अगदी सावकाश, सांडू नये म्हणून. "मन्ही जीप सुटी जाई," म्हणाला, आणि कोटाची बटणं लावत बांधावरून निघून गेला. जीप सुटायला अजून खूप वेळ होता. ते तुलाही माहीत होतं. तू उठला नाहीस. मी त्याच्यामागे धावलो, स्टँडवर गाठलं. तो म्हणाला, काही नाही रे, तू जा, पाहुणे बसलेत.

जो कायदा तूच केलास, खरा वास सांगायचा म्हणून, तो एका माणसाने जीव ओतून पाळला आणि तू त्याचंच हसं केलंस. दारूच्या थट्टेत काय होतं असं तू नंतर म्हणालास. मोहाच्या दारूच्या नावाने त्याला कॉलेजात कोण कोण हिणवायचं, हे होस्टेलच्या जिन्यात आपण दोघांनी ऐकलं होतं. त्यावरून तू एकाचं थोबाड रंगवलं होतंस. तोच तू. सोयरीक जमवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या मळ्यावर आलो. उभ्यानेच बोललो.

"धडगावले जाय. त्यानी मायना समोर बठीसन सांग, मन्ही चूक व्हयनी."

"मजाक करी यार मी."

"मग त्यालेच इचार, मजाक व्हती का."

"तू कसाले मधमा पडस? तुले बोलनू का मी?"

"जोपर्यंत तू वर जाईसन यी नही, मी हाई खोलीमा पाय ठेवाव नही."

"नको ठेवू," तू म्हणालास, आणि केळीच्या घडांकडे बघायला लागलास.

मी नाही ठेवला. तू काय समजलास, आठवड्यात येईल गोंडा घोळत? दोन वर्षं झाली. पोरीच्या लग्नाला आलो, अक्षता टाकल्या, तुझ्याशी न बोलता जेवून गेलो. सोसायटीच्या सभेत तू डावीकडे बसलास तर मी उजवीकडे. तुला पाइप लागले, खिळे लागले, तर तू माझ्या दुकानावरून मोटरसायकल हळू करून पुढच्या दुकानात जायचास. हळू करून! मला दिसावं म्हणून. आणि मी काउंटरवरून तुझ्याकडे बघायचो, तुला दिसावं म्हणून.

त्या दोन वर्षांत मी एक थेंब घेतला नाही. घरी घेता येत नाही आणि एकट्याने हॉटेलात बसणं मला भिकारपणा वाटतो. रविवारची दुपार आली की मी गोदामात जाऊन उगाच डबे मोजत बसायचो. रायसिंग महिन्या-दोन महिन्यांनी खाली यायचा, दुकानात चहा प्यायचा, आणि मी त्याच्यापुढे तुझा उद्धार करायचो. तो बशीत बघत म्हणायचा, "जाऊ दे ना शेठ." मी म्हणायचो, जाऊ कसं देऊ? रायसिंग, तुझ्यासाठी मी बोलणं सोडलंय त्याच्याशी. तो बशीतला चहा संपवायचा. मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस. दुखलंय पण बोलत नाही. आणि मला आपलं बरं वाटायचं की एका तरी मित्राशी मी इमानाने राहिलो.

मग तू गेलास. फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला कुलूप दाखवत होतो. तसाच निघालो. तुझ्या दारात पोचलो तर रायसिंग माझ्या आधी तिथे. धडगावहून, घाट उतरून, माझ्या आधी. ओट्यावर बसून तुझ्या मुलाला सांगत होता की वरच्या कपाटात डाव्या बाजूला धोतर आहे. तुझ्या घरातल्या कपाटाची डावी बाजू त्याला ठाऊक. तुझा तो भुंकरा कुत्रा त्याच्या पायाशी. मी दारात उभा, आणि तोच कुत्रा माझ्यावर भुंकत होता.

तिरडी उचलताना तो असा रडला की मला वाटलं, माफ केलं याने, मरणाने सगळं धुऊन टाकलं. राख सावडायला आपण, म्हणजे आम्ही, गोमाई नदीकाठी गेलो. परतताना मी त्याला म्हणालो, तुझ्याकडे एकदा यायला हवं होतं रे त्याने, माफी मागायला. राहिलं ते.

रायसिंग चालता चालता थांबला.

"तो येत ऱ्हाये शेठ. आठ दिनमाच उना व्हता."

मला समजेना. म्हणालो, कोण आला होता?

मग त्याने सगळं सांगितलं. तू मळ्यावर मला "नको ठेवू" म्हणालास त्याच आठवड्यात म्हसावदहून जीप धरून वर गेलास. तुला घाटाची भीती, तू कधी स्वतःची गाडीही वर नेली नाहीस. वळणावर जीप थांबवून ओकलास. त्याच्या पाड्यावर जाऊन त्याच्या आईच्या चुलीसमोर बसलास, तिच्या पायाला हात लावलास. तिला मराठी कळत नाही, तुला तिची पावरी बोली येत नाही, रायसिंगने मध्ये बसून सांगितलं की हा माझं हसं केल्याबद्दल माफी मागतोय. ती म्हणाली, आधी जेवा म्हणावं. मग तू उठून त्या काळ्या पडलेल्या कणसांना नाक लावलंस आणि तसाच उभा राहिलास. "बरोबर व्हतं रे तुन्हं," म्हणालास. तीच बाटली पिशवीतून काढलीस, उरलेली. आणि पुढे दर महिन्याला जात राहिलास, नवी बाटली घेऊन. कधी तो खाली तुझ्या घरी यायचा.

दोन वर्षं, भाईदास. तुम्ही दोघं वर चुलीपाशी बसून माझ्याशिवाय पीत होतात, आणि मी ज्याच्यासाठी उपाशी बसलो होतो तो तुमच्यात बसून परत माझ्या दुकानात येऊन माझा चहा पीत होता!

मी रायसिंगला तिथेच रस्त्यावर शिव्या दिल्या. सगळ्या दिल्या. सुतकातली माणसं मागून येत होती, ती थबकली. तो खाली मान घालून उभा. म्हणाला, "त्यानी मले मायनी आन घाली व्हती. शेठले सांगू नको."

"कसाले पण?"

"मी दर टाइमले सांगू त्याले, आते शेठकडे चाल. तो म्हने, जासू. पुढला रविवार म्हने. एकदाव तुन्हाकडे येवानं ठरनं, ते जीपमाच बठना नही. म्हने, तुन्हापुढे मन्हं नाक कापायनं, ते ठीक शे. मी चुकनू व्हतू. पण शेठ्या खरा व्हता ना. खरा मानूसपुढे कसं जावानं? तो देखी मन्हाकडे, काहीच बोलाव नही, आनि मन्हाघाई ते सहन व्हवाव नही."

गोमाईत पाणी नव्हतंच. रायसिंग म्हणाला, चाल, घरी सोडतो.

म्हणजे माझा गुन्हा काय, तर मी खरा होतो. ज्याचं तू वाईट केलंस त्याच्याकडे तू गेलास, हे चांगलंच केलंस, तेवढं मी मान्य करतो. मीच तर तुला जा म्हणालो होतो. तू माझं ऐकलंस. माझं ऐकून घाट चढलास, ओकलास, म्हातारीच्या पाया पडलास, आणि मलाच सांगितलं नाहीस! मी म्हणालो होतो, तू वर जाऊन ये, मी खोलीत येईन. तू गेलास. मग मला आणायला का आला नाहीस? माझ्या हक्काच्या चोवीस-पंचवीस दुपारी तू खाल्ल्यास. मी काय केलं असतं? बघितलं असतं तुझ्याकडे, हो, तुला लाज वाटेल असंच बघितलं असतं. घटकाभर. त्यानंतर सोडा मागितला असता.

तुला वाटलं पुढला रविवार आहेच. सगळ्यांनाच वाटतं.

आज दुपारी रायसिंग दुकानात आला. गिऱ्हाइकं होती, थांबला. ती गेल्यावर म्हणाला, शेठ, मी चुकलो. आईची आण मोडायला हवी होती. मी म्हणालो, तुला मी माफ केलं, बस, चहा सांगतो. एका मिनिटात झालं, बघ. इतकं सोपं असतं ते. मग तो चहा पिऊन म्हणाला, "भाईदासनं बी मीच सांगस तुले. त्यानी चूक व्हयनी."

मी म्हणालो, त्याचं तू बोलू नकोस. त्याला तोंड होतं.

"आते तो कसा यी शेठ?"

मला माहीत नाही कसा येशील. रायसिंगकडे जायला अख्खा सातपुडा चढायला लागायचा, तरी तू गेलास. माझ्या दुकानाला रस्त्यापासून दोन पायऱ्या आहेत, भाईदास. दोन. तू रोज त्यांच्यासमोरून मोटरसायकल हळू करून गेलास. म्हणून मी तुला माफ करत नाही, आणि लोकांनी कितीही सांगितलं तरी करणार नाही. माफ केलं की आपलं भांडण मिटेल, आणि भांडण मिटलं की तू मेलास हे मला मानावं लागेल.